कापलेलं सतरावं

दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडात कापसाचे दोन बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली, दिवा ओढून डोळ्यांवर आणला आणि मग विचारलं, "तेवढं सतरावं का कापलंत हो?"

तोंडात आरसा असलेल्या माणसाने यावर काय बोलावं? तो "आँ" म्हणाला.

"नाही, बाकी सिनेमा उत्तमच," डॉक्टर म्हणाले. "लढाई उत्तम. पूल कोसळतो ते तर फारच उत्तम. पण वातवाली नाही म्हणजे काय! आमची ही थेटरात रडली. सीन बघून नव्हे, सीन नाही म्हणून. जरा मोठा आ करा. दुखलं तर हात वर करा."

त्याने हात वर केला. दुखत नव्हतं. डॉक्टरांनाही ते कळलं असावं, कारण ते थांबले नाहीत. दाढ भरून होईपर्यंत सतराव्या प्रकरणाचं महत्त्व त्यांनी नीट समजावून सांगितलं.

हे तेरा वर्षं चाललं होतं.

धंद्याने तो संकलक. पण संकलक म्हटलं की लोकांना वाटे हा जुनी गाणी गोळा करतो, आणि एडिटर म्हटलं की वाटे वर्तमानपत्रात आहे. शेवटी कुणीतरी दमून 'कात्री' म्हणालं आणि ते चिकटलं. खरी कात्री त्याने उमेदवारीच्या पहिल्या दोन वर्षांनंतर हातात धरली नव्हती. नाव मात्र राहिलं. भाच्यांचा तो कात्रीमामा, पुतण्याच्या बायकोचा कात्रीकाका, आणि त्या एका सिनेमानंतर सगळ्या गल्लीचा गुन्हेगार.

सिनेमा ज्या कादंबरीवर होता ती तीन खंडांची, अकराशे पानांची. वाचणारे तिला लाडाने 'जाडी' म्हणत. जादूचा मुलूख, चोरीला गेलेली नावं, पाण्याखाली झोपलेलं सैन्य, असं सगळं तिच्यात होतं, आणि दर घरात तिच्यासाठी भांडणारा एक तरी माणूस होता. सतराव्या प्रकरणात काही घडत नाही. ज्याचं नाव चोरीला गेलंय तो पोरगा एका शहराच्या वेशीपाशी येतो. तिथे दिव्यांच्या वाती वळणारी एक आंधळी म्हातारी बसलेली असते. ती त्याच्या पावलांवरून त्याला ओळखते, तो कुणाचा कोण ते त्याला सांगते आणि एक दिवा लावते. बस. लोकांनी या प्रकरणातली वाक्यं लग्नाच्या पत्रिकांवर छापली होती. एकाने दंडावर गोंदवली होती आणि ती कात्रीला दाखवायला तो मुद्दाम स्टुडिओत आला होता. शर्टाची बाही वर करून म्हणाला, "हे वाचा. आणि मग मला डोळ्याला डोळा भिडवून सांगा."

सिनेमाच्या शेवटी चारशे नावं सरकत जातात. त्यात दिग्दर्शक होता, निर्माते होते, पटकथा लिहिणारे तिघं होते. पण ते सगळे लांब राहत. कात्री कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला येई.

"का कापलं?" याला त्याचं एकच उत्तर होतं. "लांबी."

"पण घोड्यांची शर्यत ठेवलीत ना, अकरा मिनिटं?"

"लांबी," तो म्हणे, आणि पिशवी उचले.

उत्तर खोटं होतं. खरं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि बायको शाळेत ग्रंथपाल होती, जाडी चार वेळा वाचलेली. घरात जाडीच्या दोन प्रती होत्या, एक वाचायची आणि एक जपायची. सिनेमा पाहून आल्यावर तिने आठवडाभर त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं. "मीठ द्या." "दार लावा." तेही अशा आवाजात, जणू मीठसुद्धा यानेच कुठूनतरी कापून आणलंय.

खरं असं होतं. वातवालीचं काम मोठ्या बाईंनी केलं होतं. मोठ्या बाई म्हणजे रंगभूमीवरच्या. पन्नास वर्षं त्यांनी मागच्या रांगेतल्या माणसाला शेवटचं अक्षर ऐकवलं होतं. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चित्रीकरण होऊन सतरावं कात्रीच्या टेबलावर आलं, त्याने ते लावलं, आणि तिसऱ्या वाक्याला त्याचं बोट थबकलं. बाईंचे डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे, मग झर्रकन परत डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. कॅमेऱ्याच्या शेजारी कुणीतरी कागद धरला होता आणि बाई तो वाचत होत्या. आवाज असा, की अंगावर काटा यावा. आणि आंधळी बाई वाचत होती.

चौदा टेक होते. चौदाही टेकमध्ये वाचत होती.

त्याने दिवसभर विचार केला. डोळ्यांचं सांगावं, तर बाईंना काढून दुसरी कुणी आणतील. पाठांतर गेलं अशी बोंब एकदा झाली की नटीचं संपलं. तसंच ठेवावं, तर सगळं थेटर हसेल. संध्याकाळी तो दिग्दर्शकाला म्हणाला, "सतराव्यात चाल मंदावते. सिनेमा बसतो तिथे." निर्मात्यांना वीस मिनिटं कमीच करायची होती. त्यांनी त्याला जवळजवळ मिठी मारली. सतरावं गेलं. बाईंना कळवलं गेलं की एडिटरने कापलं.

बाईंनी ते मनावर घेतलं. एका सत्कारात त्या म्हणाल्या होत्या, "मला रोगाने मारलं नाही, टीकाकारांनी मारलं नाही, एका कात्रीवाल्याने मारलं." टाळ्या पडल्या. कात्री पाचव्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारचे बघत होते.

आणि आता हे.

दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा दुपार होती. कात्रीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारं दुकान, त्यामुळे फरशी दिवसभर गुणगुणे. खिडकीला जाड पडदा. भर दुपारीही तिथे वेळ कळत नसे, आणि त्याला ते बरं वाटे.

"कात्री, खुशखबर," दिग्दर्शक म्हणाला. "एक्स्टेंडेड कट करतोय आपण. चाळीस मिनिटं जास्त. कापलेलं सगळं परत."

"सगळं?"

"सगळं. लांबी आता अडचण नाही राव, लांबीच विकायचीय. पोस्टर छापून झालंय. 'सतरावं परत येतंय.' वाचकांचे तीन हजार मेल आलेत. मोठ्या बाईंची मुलाखतही झाली, चौऱ्याऐंशीच्या आहेत पण काय बोलल्या! तुझंही नाव घेतलं."

"शिवी घातली असेल."

"दोन."

फोन ठेवून तो खुर्चीत बसून राहिला. खुर्चीचा डावा हात चिकटपट्टीने बांधलेला होता. कपाटातून त्याने जुनी हार्डडिस्क काढली. कापलेल्या दृश्यांच्या डिस्कवर तो सहसा सिनेमाचं नाव लिहीत असे. हिच्यावर नुसतं '१७' होतं, त्याच्याच हातचं, आणि खाली दोनदा रेघ मारलेली. त्याने लावलं. बाई तेरा वर्षांत काही शिकल्या नव्हत्या. डावीकडून उजवीकडे, झर्रकन परत.

तीन आठवडे त्याने त्या दृश्याशी मारामारी केली. डोळे दिसू नयेत म्हणून बाईंना पाठमोरं दाखवलं. मग म्हातारी रुसून बसल्यासारखी वाटायला लागली. पोऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं संभाषण टाकलं. तर तो पोऱ्याचं काम करणारा नट हिरो होता, आणि ऐकताना हिरोला काय करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो मधूनमधून जबडा आवळत होता. इफेक्ट्स करणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी डोळ्यांवर पांढरा पडदा चढवून पाठवला. आता दोन पांढरे गोळे डावीकडून उजवीकडे जात होते. आधी हसू आलं असतं. आता भीती वाटली.

घरी जेवताना तो भाजी न बघता खात होता. बायको म्हणाली, "काय झालंय? तीन आठवडे घरात भूत हिंडतंय."

"सतरावं."

ती एकदम ताठ बसली. "हात लावू नका त्याला. आहे तसं ठेवा."

"आहे तसं ठेवता येत नाही."

"का? परत लांबी?"

मग त्याने सांगितलं. तेरा वर्षांचं सगळं, सत्काराचं, टाळ्यांचं. तिने ऐकून घेतलं. पाणी प्यायली. त्याला वाटलं, आता तरी काही मऊ बोलेल.

"म्हणजे तेरा वर्षं मी उगीच तुमच्यावर चिडले," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही चिडू दिलंत."

"काय करणार होतो?"

"सांगायचं होतंत! मी काय गल्लीत दवंडी पिटणार होते? मीठ द्या, मीठ द्या करून माझाच जीव गेला तेव्हा." ती उठली, जपायची प्रत घेऊन आली. "आणि मला एक सांगा. दिवा आधी का लागलाय?"

"कुठला दिवा?"

"सीनमध्ये. तुम्ही म्हणता डोळे दिसतात. अंधारात डोळे कसे दिसतील? पुस्तकात ती सगळं अंधारात बोलते. दिवा शेवटी लावते. शेवटच्या ओळीला. तुम्ही हे पुस्तक वाचलंय तरी का?"

त्याने वाचलं नव्हतं.

हे ऐकून बायकोने पुस्तक छातीशी धरलं आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं ती कुणा परक्याबरोबर राहत होती. पण त्याचं कारण होतं. ज्यांच्याकडे तो शिकला त्या वस्तादांचे दोन नियम होते. पहिला, सेटवर पाय ठेवायचा नाही. "तिथे गेलास की कळतं, या शॉटसाठी चाळीस माणसं थंडीत कुडकुडत उभी होती. मग तो तुझ्याच्याने कापला जात नाही." दुसरा, मूळ पुस्तक वाचायचं नाही. "वाचलंस की जे पडद्यावर नाही ते तुला दिसायला लागतं. तुझ्या टेबलावर येतं तेवढंच खरं. बाकी जग मेलं." वस्ताद गेले तरी त्याने दोन्ही नियम पाळले होते. तीस वर्षांत तो एकाही सेटवर गेला नव्हता. सेटवरच्या कुणाला काही विचारतही नसे. विचारणं म्हणजे मागच्या दाराने जाणं, असं तो मानी.

त्या आठवड्यात त्याने सतरावं प्रकरण वाचलं. नऊ पानं. बायकोचं खरं होतं.

मग काम तीन दिवसांत झालं. कॅमेरामनने आपल्या सोयीसाठी कमानीत दुसराच एक दिवा आधीपासून लावून ठेवला होता. कात्रीने चित्र गडद करून तो विझवला. पडद्यावर जवळजवळ काही नाही. वेशीची कमान, पोऱ्याची पावलं पायरीवर, एका न पेटलेल्या दिव्याची कड. आणि त्या काळोखात बाईंचा आवाज, चार मिनिटं दहा सेकंद. शेवटी वात धरते, ज्योत मोठी होते, आणि ज्योतीवरच दृश्य संपतं. डोळे कुठेच नाहीत.

दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि डोकं धरलं. "लोक म्हणतील, प्रोजेक्टर बिघडला."

कात्रीने मूळ दृश्य दाखवलं. दिग्दर्शक बघत राहिला, मग पुढे वाकला, मग मागे टेकला. तेरा वर्षांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो आवाजावर भाळला होता.

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर बाईंना बदललं असतंत."

दिग्दर्शकाने बराच वेळ चष्मा पुसला. "बदललं असतं," तो म्हणाला. "त्या दिवशी जरा गडबडच झाली होती सेटवर." कसली गडबड ते त्याने सांगितलं नाही आणि नियमाप्रमाणे कात्रीने विचारलं नाही. "ठेव काळोख. पण बाई बघायला येणार आहेत. त्यांनी अट घातलीय. त्यांना तू सांभाळ."

मोठ्या बाई मंगळवारी सकाळी अकराला आल्या. बरोबर त्यांची मुलगी, पन्नाशीची, बँकेत काम करणारी, हातात दोघींच्या पर्स. दोन मजले बाई काठी टेकत चढल्या. जिन्यात तीनदा थांबल्या आणि तिन्ही वेळा दम लागला म्हणून नव्हे, जिन्याला नावं ठेवायला थांबल्या असं भासवलं. आत येऊन त्यांनी खोली बघितली, खुर्चीची चिकटपट्टी बघितली, शेवटी त्याला बघितलं.

"हा का तो," त्या मुलीला म्हणाल्या. "मला वाटलं, उंच असेल."

"बसा, बाई."

"बसतेय. लाव."

त्याने लावलं. चार मिनिटं दहा सेकंद खोलीत फक्त आवाज होता आणि खालच्या मोटारींची गुणगुण. दिवा लागला. दृश्य संपलं.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"झालं."

"माझं तोंड कुठंय?"

"काळोखात आहे, बाई."

"काळोख दिसला मला. चांगला दाट दिसला. तोंड कुठंय?"

"कादंबरीत दिवा शेवटी लागतो, म्हणून—"

"मला कादंबरी शिकवू नकोस. मी तुझ्याआधी वाचलीय." सगळ्या जगानेच ती आपल्याआधी वाचलीय, असं त्याच्या मनात आलं. "मी दिवसभर त्या कमानीखाली बसले होते. गुडघे गेले माझे तिथे. एकदा मला पूर्ण कापलंस, आता अर्धं कापतोयस. आवाज ठेवला आणि बाई फेकून दिली. माझं तुझं काही वैर आहे का? असेल तर सांग, माझ्या आठवणीत नाही."

"वैर नाही, बाई."

"मग मूळ दाखव."

त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी पर्सच्या चेनशी खेळत होती. त्याने मूळ लावलं.

बाई पुढे सरकल्या, हनुवटी काठीवर टेकवली. वाचन संपेपर्यंत पाहिलं; तिथे त्याने थांबवलं. म्हणाल्या, "परत." परत पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"वाचतेय," त्या म्हणाल्या. कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलावं तसं. "आंधळी बाई वाचतेय. काय सुरेख वाचतेय पण. ओळ संपली तेही कळतंय. पान उलटलं तेही कळतंय."

"पान मीच उलटलं," मुलगी हळूच म्हणाली.

"ते विसरले नाही मी." बाई त्याच्याकडे वळल्या. "म्हणून कापलंस?"

"हो."

"आणि मला सांगितलं लांबी."

"हो."

"तुला काय वाटलं? म्हातारीचं डोकं गेलं?"

त्याला हेच वाटलं होतं. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्या डोक्यातून एक अक्षरही हरवलेलं नव्हतं, हे त्याला गेल्या दहा मिनिटांत पुरतं कळलं होतं.

"पाठ होतं मला," बाई म्हणाल्या. "पाच पानं, स्वल्पविरामासकट. महिनाभर पाठ करत होते, हिला विचार, हिच्या कानाला भोकं पडली. आणि त्या दिवशी सकाळी सहाला तुझ्या साहेबांनी नवी चार पानं हातात ठेवली. म्हणे वाचकांची पत्रं आलीत, कादंबरीतलीच वाक्यं जशीच्या तशी हवीत. नऊला शॉट. तीन तासांत चार पानं कोण पाठ करतं? मी म्हटलं, उद्या करू. तर म्हणे सेट उद्या मोडायचाय. मग हिने कागद धरला."

फरशी गुणगुणत होती. त्याला वाटलं, आपण बसलोय ती खुर्ची कुणीतरी हळूहळू मागे ओढतंय.

"हे मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असेल? विचारलंस कुणाला? सेटवर चहा देणाऱ्या माणसाला माहीत होतं. मेकअपवालीला माहीत होतं. घोड्यांनासुद्धा माहीत असेल."

"मी सेटवर जात नाही."

"का?"

त्याने वस्तादांचा नियम सांगितला. तीस वर्षं तो नियम त्याला एखाद्या मंत्रासारखा वाटत आला होता; आता मोठ्याने सांगताना तो आळशी माणसाच्या सबबीसारखा ऐकू आला. बाईंनी पूर्ण ऐकला.

"बरा नियम आहे," त्या म्हणाल्या. "कापायला बरा. निवाडा करायला नाही. तू कापलं नाहीस, निवाडा केलास. या बाईला आता जमत नाही. आणि वर दया दाखवलीस. एक फोन करायचा होतास. बाई, डोळे हलताहेत. एवढंच. मी त्या कमानीपाशी परत गेले असते. कमान मोडली असती तर तुझ्या या भिंतीसमोर बसले असते, डोळे मिटून. आंधळीच होती ना ती! अर्ध्या सकाळचं काम."

"मी तुमचं नाव वाचवायला—"

"नाव!" बाई एकदम एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की खालची मोटार थांबल्यासारखी वाटली. "त्यानंतर मला किती कामं आली ठाऊक आहे? दोन. एक आजी आणि एक प्रेत. कापलेल्या नटीला कोण घेतं? सगळ्यांना वाटलं, कापलं म्हणजे वाईटच केलं असणार. प्रेताला वाक्य नव्हतं. तरी वेळेवर गेले."

"आई," मुलगी म्हणाली. "पुरे."

"पुरे काय? तेरा वर्षं त्याने शिव्या खाल्ल्या, तेरा वर्षं मी दिल्या, दोघांचाही वेळ फुकट. राग नको येऊ?"

कधीतरी बाईंना खरं कळेल, असं त्याने इतक्या वर्षांत अनेकदा मनाशी रंगवलं होतं. दर वेळी त्या रंगवलेल्या चित्रात बाई काही बोलत नसत. नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवत. ते चित्र त्याने आता मनातल्या मनात निवडलं आणि काढून टाकलं. त्याच्या जागी काही आलं नाही. त्याला बाईंचा राग आला, दिग्दर्शकाचा आला, मेलेल्या वस्तादांचा आला, तीन हजार मेल लिहिणाऱ्यांचा आला, आणि फिरून तो स्वतःपाशी येऊन थांबला. तिथे त्याला दुसरीकडे कुठे जायला वाट नव्हती.

"चुकलं, बाई," तो म्हणाला.

"चुकलंच. आता पुढे चालव. शेवट बघू दे."

"शेवटाला काही नाही. दिवा लागतो."

"चालव म्हणते ना."

त्याने चालवलं. मूळ चित्रात बाईंचं वाचन संपतं, हात वातीकडे जातो, ज्योत धरते. आणि मग बाईंचा चेहरा, ज्योतीच्या पलीकडे, पोऱ्याकडे नव्हे तर जरासा त्याच्या बाजूला वळलेला. आंधळी माणसं वळतात तसा. डोळे स्थिर. दोन शब्द. "लागला का?"

त्याने ते यापूर्वी पाहिलं होतं. पण तिथवर येईपर्यंत दर वेळी तो वैतागलेला असे, आणि काळोखाची जुळणी करताना त्याने तो चेहरा बाकीच्या चेहऱ्यांबरोबर सरसकट उडवला होता. आता त्याने चित्र थांबवलं. कुठेही कागद नव्हता. स्वतःच लावलेला दिवा लागला की नाही हे दुसऱ्याला विचारणारी एक म्हातारी होती.

"हे दोन शब्द जुन्या पानांतही होते आणि नव्यातही," बाई म्हणाल्या. "पाठ होते. इथे मला ठेव."

"ठेवतो."

"दिवा लागेपर्यंत काळोख राहू दे. तेवढी अक्कल तुला बरी सुचली."

"बायकोला सुचली."

"वाटलंच. आता मागे घे. आवाजच लाव नुसता. बघू."

आवाज लागला. बाई डोळे मिटून ऐकू लागल्या. दीड मिनिट गेलं असेल, काठी फरशीवर आपटली. "थांब. हे काय चाललंय? नदीचं?"

"नदीचं वर्णन आहे. ती कुठून आली, कुठे—"

"कळलं. वाचतेय मी इथे. डोळे नाहीत पण कानाला कळतंय. वाचणारा माणूस दम ओळीच्या शेवटी घेतो, बोलणारा कुठेही घेतो. काढ."

"बाई, नदी?"

"नदी. आणि तिच्यापुढचं ते चंद्राचं. तेही वाचलंय. तो कुणाच्या पाळण्यातला ते सांगते, ते पाळण्याचं ठेव, ते मी बोललेय, ते वाक्य दोन्ही पानांत सारखं होतं. मग थेट दिव्यावर ये."

त्याने मनात हिशेब केला. चार मिनिटं दहा सेकंदांची दोन मिनिटं सुद्धा उरत नव्हती. "बाई, हा एक्स्टेंडेड कट आहे. लोक वाढवलेलं बघायला येणार आहेत."

"मग वाढव की दुसरं काहीतरी. पूल अजून थोडा कोसळव."

मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने दोन्ही पर्स खाली ठेवल्या.

"तसं नाही, बाई. पोस्टरवर सतरावं आहे. नदी म्हणजे... नदीवर लोकांचा जीव आहे. नदीची ओळ लोकांनी अंगावर गोंदवलीय. नदी काढली तर मला फाडून खातील."

"तुला सवय आहे," बाई म्हणाल्या. "आणि या वेळी कुणी विचारलं तर सांग, बाईंनी कापलं. पत्ता दे माझा. मला सध्या काही काम नाही."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. नदी गेली. चंद्र गेला. ओळी निघाल्या तशी पडद्यावरच्या काळोखाची पट्टी आखडत गेली आणि आवाजातला कागद हळूहळू विरला. उरलं त्यात कुणीतरी खरंच अंधारात बसून बोलत होतं. त्याने शेवटचा जोड लावला आणि दाखवला.

"अजून जरा आधी काप," बाई म्हणाल्या. "दिवा लागल्यावर, बोलायच्या आधी मी श्वास घेते तो ठेवू नकोस. श्वासाने कळतं की आता बोलणार आहे."

"श्वास असला तर बरं वाटतं, बाई. माणूस वाटतं."

"आधी म्हणते ना."

दोन फ्रेम आधी, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. त्याने हलवलं, लावून बघितलं. बाईंचं बरोबर होतं. तो चरफडला, आणि तिसरी फ्रेमही काढून बघितली. ती जास्त झाली. बाई काही बोलायच्या आत त्याने ती परत लावली.